परीक्षेची गाय

आमच्या विभागाच्या फ्रीजमध्ये कित्येक वर्षं एक गाय होती. होता तो जंतूच, माणसाच्या आतड्यात राहणारा अगदी साधा जंतू, पण स्वभावानं इतका गरीब की विभागात सगळे त्याला गायच म्हणायचे. कोणतंही प्रतिजैविक समोर आणा, मुकाट मान टाकायचा. मी या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला आले त्याच्याही आधीपासून तो तिथं नांदत होता. अधूनमधून त्याला नव्या नळीत हलवायचं, त्याचं खाणंपिणं बघायचं आणि एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली की पोळ्याला बैल काढावा तसा बाहेर काढायचा.

परीक्षेत त्याचं काम सोपं होतं. एका पसरट झाकणाच्या डबीत, म्हणजे आमच्या भाषेत प्लेटवर, हा जंतू सारवायचा. त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी ज्या टिकलीभोवती जंतूला वाढता आलेलं नसतं तिथं स्वच्छ गोल दिसतो. तो गोल पट्टीनं मोजायचा. गोल पुरेसा मोठा असला तर ते औषध चालतं. गोलच नसला तर ते औषध रुग्णाला देणं आणि नळाचं पाणी देणं सारखंच. आमच्या गायीच्या प्लेटवर प्रत्येक टिकलीभोवती गोल यायचा, आणि दर वर्षी तेवढाच. त्यामुळं मोजण्याच्या भानगडीत कोणी पडायचं नाही. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना मोबाईलवर आकडे पाठवायची. खालची ते पाठ करायची, उत्तरपत्रिकेत उतरवायची आणि कॅन्टीनला जाऊन चहा प्यायची.

विभागात याला सोय म्हणत. मला या सोयीची चीड यायची आणि मी ती लपवली नाही.

कारण आमच्या डोक्यावरच, वरच्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागातून जे नमुने खाली यायचे त्यांत गाय कुठंच नव्हती. तिथले जंतू माजलेले होते. एकेक टिकली त्यांच्यापुढं ठेवावी आणि सकाळी बघावं तर टिकलीला चिकटून, अगदी अंगावर चढून वाढलेले. हे जंतू काही आकाशातून पडले नव्हते. आमच्या शहरात पडेगावपासून मुकुंदवाडीपर्यंत कोणत्याही मेडिकलच्या दुकानात जाऊन उभं राहा, सर्दीला ‘जरा पावरफुल’ गोळी मागणारा माणूस भेटतो आणि ती काढून देणारा हातही भेटतो. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेलं पाकीट फ्रीजवर ठेवलं जातं, पुढच्या सर्दीला, नाहीतर शेजारणीला. आणि या सगळ्यांना ती सवय लावणारे कोण? आम्हीच घडवलेले डॉक्टर. हे मी वर्गात तोंडावर सांगायचे. वर्ग मान डोलवायचा. मान डोलवायला काय लागतं?

म्हणून त्या वर्षी मी ठरवलं की परीक्षेला गाय ठेवायची नाही.

आमचे विभागप्रमुख निवृत्तीला आलेले. भला माणूस, पण वादाचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. मी त्यांना सांगितलं की या वर्षी प्लेट वरच्या वॉर्डातली असेल. त्यांनी मला समजावलं की ही परीक्षा आहे, पोरांनी अभ्यास केलाय, ती पास होऊन जाऊ दे, वॉर्डातलं पुढं वॉर्डात शिकतील. मी म्हटलं, अंतर्गत परीक्षक मी आहे आणि प्रत्येक टेबलावर काय मांडायचं ते ठरवणं माझं काम आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात धरून बसले. तेवढी संमती मला पुरेशी होती.

मी जी प्लेट निवडली ती एका बाईच्या जखमेतल्या जंतूची होती. तिचं वय फार नव्हतं, बाळंतपणाच्या ऑपरेशननंतर जखम चिघळली होती. त्या प्लेटवर एकाही टिकलीभोवती गोल नव्हता. तिचा रिपोर्ट मी शिपायाच्या हाती दिला नाही, स्वतः जिना चढून वर नेला, कारण त्यात ‘चालत नाही’ यापलीकडं लिहायला काही नव्हतं. असला रिपोर्ट कुणाच्या तरी हातात नुसता टेकवून येणं मला जमलं नाही. त्याच जंतूची एक प्लेट मी परीक्षेसाठी ठेवली, कडेनं टेप लावून नीट बंद केली. मुलांनी ती उघडायची नव्हती, उलटी धरून तळाच्या काचेतून बघायची होती. शेजारी पट्टी ठेवली आणि कागदावर लिहिलं: गोल मोजा, आणि या रुग्णासाठी औषध सुचवा.

बाहेरच्या कॉलेजातून येणारे परीक्षक आमच्याकडं पाहुणे असतात. त्यांच्यासाठी दुपारच्या जेवणाला इथला नान खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, मागवायचा, संध्याकाळी त्यांना गाडीनं वेरूळ दाखवून आणायचं आणि निघताना हिमरूची शाल द्यायची, ही विभागाची रीत. त्या वर्षीचे पाहुणे या विषयातले जाणते, वयानं मोठे, बोलायला मऊ. सकाळी त्यांनी टेबलांवरून एक चक्कर मारली. माझ्या प्लेटपाशी ते थांबलेही नाहीत, लांबूनच ‘हं, नेहमीचंच’ म्हणाले. प्रत्येक कॉलेजात एकेक गाय असते, त्यांच्याकडंही असणार. उत्तर लिहिलेला लिफाफा मी त्यांच्या टेबलावर ठेवला होता. तो त्यांनी पाण्याच्या ग्लासाखाली सरकवला.

घंटा वाजत राहिली, मुलं एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकत राहिली. माझ्या टेबलापाशी बहुतेकजण बसत, प्लेट हातात घेतल्यासारखं करत आणि भराभर लिहीत. मी लांब उभी होते. मला वाटलं होतं की कुणीतरी दचकेल, शेजारच्याकडं बघेल, मला विचारायला येईल. कुणी आलं नाही.

जेवणाच्या वेळेपर्यंत पाहुण्यांनी उत्तरं तपासूनही टाकली. वेरूळला उजेड असताना पोचायचं होतं. मी गठ्ठा चाळायला घेतला आणि माझं जेवण राहून गेलं. सगळ्या वर्गानं गोल मोजले होते. नसलेले गोल, टिकलीगणिक, मिलिमीटरमध्ये. काहींनी तर दशांशही दिला होता. खाली औषधही सुचवलं होतं, आणि सगळ्यांनी एकच. गायीला चालणारं.

एकाच उत्तरपत्रिकेवर लाल शून्य होतं. तिथं लिहिलं होतं की एकही गोल दिसत नाही, त्यामुळं कोणतंही औषध सुचवता येत नाही.

ती मुलगी मला ठाऊक होती. चितेगावच्या पलीकडून आलेली, घरात पूर्वापार मेंढरं, आता थोडी कोरडवाहू शेती आणि भाऊ कंपनीत. हुशार म्हणून तिचं नाव कधी कोणी घेतलं नसेल. हट्टी आणि भांडखोर म्हणून मात्र सगळे घ्यायचे. मागच्या खेपेला ती याच विषयात अडकली होती आणि आता पुन्हा बसली होती. त्या दिवशी सकाळीच सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी रंगवताना तिनं सगळा नमुना धुऊन घालवला होता. बाकी टेबलांवरही तिचं बेताचंच. त्या शून्यासह ती पुन्हा नापास होत होती. शून्याच्या जागी पूर्ण गुण पडले तर पास. एवढं सरळ होतं.

मी प्लेट उचलली आणि नान खलियाच्या शेजारी पाहुण्यांपुढं ठेवली. म्हटलं, सर, एकदा बघा.

त्यांनी हात धुतले, प्लेट खिडकीकडं धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. मग लिफाफा उघडला. चेहरा उतरला, पण तो घटकाभरच. मग ते रागावले, आणि मऊ माणूस रागावला की फार समंजस बोलतो. परीक्षा म्हणजे विश्वास असतो, म्हणाले, मुलं एक धरून येतात आणि तुम्ही त्यांच्यासाठी खड्डा खणून ठेवता, हे शिक्षकाला शोभत नाही. यावर त्यांनी तोडगाही काढला. हे टेबलच रद्द करायचं आणि त्याचे गुण बाकीच्या टेबलांवर वाटून टाकायचे. कुणाचं नुकसान नाही, कुणाचा फायदा नाही. विभागप्रमुखांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी लगेच चहा सांगितला.

मी मनात हिशेब केला. टेबल रद्द झालं तरी ती मुलगी नापासच होत होती. म्हणजे ज्या सगळ्यांनी न बघता लिहिलं ते पास होऊन पुढं जाणार, आणि जिनं बघितलं ती घरी बसणार. आणि पुढं गेलेले काही वर्षांत माझ्या, तुमच्या, कुणाच्याही आईसाठी चिठ्ठी लिहिणार.

“सर, मग मी गुणपत्रकावर सही करणार नाही,” मी म्हटलं.

“एका मुलीसाठी?” पाहुण्यांनी विचारलं.

“एका मुलीसाठी नाही. सगळ्या वर्गानं आज एका बाईला पाणी लिहून दिलंय. एकटीनं नाही दिलं. तिला नापास करायला माझी सही मिळणार नाही.”

माझ्या सहीशिवाय निकाल पुढं जात नव्हता आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पाहुणे म्हणाले की मॅडम, मुलं घाबरलेली असतात, घंटा वाजत असते, घाईत पाठ केलेलं उतरवतात. निवांत बघायला दिलं तर कोणालाही दिसेल. त्यांचं हे वाक्य मी पकडलं. म्हटलं, मग दुपारी तोंडी परीक्षेत देऊ निवांत. प्लेट हातात, पट्टी हातात, समोर तुम्ही बसा. मुलांना आहे ते दिसलं तर टेबल रद्द करा, मी हसत सही करते. नाही दिसलं तर सगळ्यांचे गुण आहे त्या प्लेटप्रमाणे. पाहुणे तयार झाले. मला वाटतं त्यांना माझी थोडी कीवच आली होती.

पहिला मुलगा आला तो वर्गाचा प्रतिनिधी. मोठ्या बागायतदार घरातला, वडील शहरात नोकरीला, पहिल्या बाकावर बसणारा, बोलणं खणखणीत. पाहुण्यांनी त्याला गोड आवाजात सांगितलं की पहिल्या टिकलीचा गोल मोजून दाखव, घाई नाही. त्यानं प्लेट हातात घेतली, उलटी धरली, पट्टी अगदी बरोबर टिकलीच्या मधोमध ठेवली.

“अठरा, सर.”

पाहुणे पुढं झुकले. नीट बघ म्हणाले. त्यानं पट्टी उचलून पुन्हा ठेवली, एक डोळा बारीक केला.

“अठराच. फार तर सतरा.”

मी पैज जिंकत होते, आणि मला सांगायला लाज वाटत नाही की त्या क्षणी मला ती हरायची होती. तो खोटं बोलत नव्हता. त्याला अठरा दिसत होते. त्याच्यामागून आलेल्या काहींची पट्टी टिकलीवर जाऊन थबकली, त्यांनी मान वर केली आणि हळूच कबूल केलं की इथं तर काही नाहीये. त्यांना मी मनातल्या मनात शाबासकी दिली. पण बाकीचे आकडे सांगत गेले. एक मुलगी म्हणाली गोल आहे पण पुसट आहे. एकजण प्लेटकडं बघतच नव्हता. तो पाहुण्यांच्या चेहऱ्याकडं बघत आकडा वरखाली करत होता, बाजारात भाव करावा तसा. पाहुण्यांनी हळूहळू काही विचारणंच सोडून दिलं. वेरूळच्या गाडीचा ड्रायव्हर दारात डोकावला तर त्याला हातानंच जा म्हणाले.

ती मुलगी शेवटाकडं आली. लाल शून्याची बातमी बाहेर फुटली होती, ती भांडायच्या तयारीनंच आत आली आणि खुर्ची दाखवली तरी बसली नाही. पाहुण्यांनी विचारलं की गोल नाहीत असं का लिहिलंस.

“नव्हते म्हणून.”

बाकी सगळ्यांनी तर लिहिलेत, ते म्हणाले.

“त्यांना मेसेज आलता, सर. मी भांडण करून ग्रुपमधून निघालेय. मला कोण पाठवणार? मागच्या खेपेचे आकडे कवाच विसरले. मला बघावंच लागलं.”

मला हसू आलं. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही भाषणानं जे झालं नव्हतं ते वर्गातल्या एका भांडणानं केलं होतं. पाहुणे मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, मग अशा पेशंटला तू काय देशील? ती पहिल्यांदाच गडबडली. पुस्तकात लई शोधलं, म्हणाली, पण अशी प्लेट आली तर काय करायचं ते कुठंच नाय. मग तिची नजर प्लेटवरून माझ्याकडं आली.

“मॅडम, ही खरी हाये का? म्हणजे हिचा पेशंट हाये वर?”

“होती,” मी म्हटलं. “या सोमवारी गेली.”

ती बसली. प्लेट टेबलावर तशीच पडली होती, टिकल्या अगदी नेटक्या मांडलेल्या. एका बाईचं त्यात काय काय संपलं होतं, आणि दुपारभर आमची मुलं त्यात अठरा आणि सतरा मोजत होती.

पाहुण्यांनी तिचा कागद ओढला, शून्य खोडलं, शेजारी पूर्ण गुण लिहिले आणि खाली सही केली. मग बाकी गठ्ठा घेऊन एकेका कागदावरचे त्या टेबलाचे गुण काढून टाकायला लागले. विभागप्रमुख कसंबसं म्हणाले की चार-दोन पोरं लटकतील हो यात. पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, लटकू द्या. तेव्हा माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. शेवटी मीही सही केली. पाहुणे वेरूळला गेलेच नाहीत. शालही टेबलावर राहिली. विसरले की ठेवून गेले, हे मी त्यांना विचारलं नाही.

निकालानंतर जे व्हायचं ते झालं. लटकलेल्यांत तो वर्गप्रतिनिधीही होता. लेखीत तो नेहमीसारखा पुढं होता, प्रात्यक्षिकात थोडक्यात गेला. त्याचे वडील आले, मोठ्या आवाजाचे पण सरळ गृहस्थ. मुलगा बालवाडीपासून कधी नापास झाला नाही, असं त्यांनी मला वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. मी त्यांना म्हटलं की उद्या तुम्हालाच ऑपरेशनची वेळ आली आणि तुमची प्लेट अशी निघाली, तर ती बघणारा डॉक्टर तुम्हाला कसा हवा ते सांगा, मी गुण देते. ते निघताना नमस्कार करून गेले. कॉलेजच्या कार्यालयातही मला बोलावणं आलं. मॅडम नाकानं कांदे सोलतात, असं माझ्या माघारी बोललं गेलं आणि ते माझ्यापर्यंत पोचेल याची नीट व्यवस्थाही झाली. मी म्हटलं, सोलते.

आणि मी एक काम केलं. फ्रीजमधल्या गायीच्या सगळ्या नळ्या काढल्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या आमच्या मोठ्या कुकरमध्ये, घालून झाकण आवळलं. विभागप्रमुख दारात उभे होते. इतक्या वर्षांची होती हो, म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पुढच्या परीक्षेला काय ठेवणार, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वर वॉर्डात असेल ते.

पुरवणी परीक्षा जवळ आली तसा नवा मेसेज फिरायला लागला. मॅडमच्या टेबलावर डोळे झाकून लिहा की एकही गोल नाही. तो मला एका विद्यार्थिनीनंच दाखवला. मी रागावले नाही. मला तो येणार हे माहीत होतं आणि मी त्याच्यापुढं एक पाऊल होते. वॉर्डातून त्याच आठवड्यात एक नवी प्लेट आली होती. बाकी सगळ्या टिकल्या निकामी, फक्त कडेच्या एका टिकलीभोवती स्वच्छ गोल, अर्धा टेपच्या सावलीत. तीच मी परीक्षेला मांडली.

तो वर्गप्रतिनिधी आला. खणखणीतपणा गेला होता, वाळला होता थोडा. खुर्चीत बसला नाही, प्लेट घेऊन खिडकीपाशी गेला. एकेक टिकली बघत गेला. घंटा वाजली, मागची मुलगी येऊन उभी राहिली, तो हलला नाही. मी त्या मुलीला खुणेनं थांबवलं. त्यानं प्लेट कलती केली, टेपच्या कडेला पट्टी लावली, बाजूला केली, पुन्हा लावली. मग येऊन लिहिलं.

जाता जाता तो माझ्यापाशी थांबला. परीक्षेत बोलायचं नसतं हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

“एक चालतंय, मॅडम,” तो म्हणाला. “कडेचं. वर वॉर्डात कळवलंय ना?”

मी म्हटलं, कळवलंय. कालच चालू केलंय त्यांनी. तो हो म्हणाला, मान खाली घातली आणि पुढच्या टेबलाकडं गेला.